कट्ट्यावरच्या माणसांचं सॉर्टिंग

‘कातळ असा फुटत नसतो. उगाच घाबरू नका.’

हे वाक्य माझं आहे. शे-दोनशे माणसं वाचत असताना मी ते संगणकाच्या पडद्यावर छातीठोकपणे लिहिलं होतं. तेव्हा मी छप्पन्न वर्षांची होते आणि कातळाबद्दलचं माझं एकूण ज्ञान म्हणजे आमच्या घराच्या भिंती चिऱ्याच्या आहेत, एवढंच. दोन दिवसांनी तो कातळ खाली आला. माझं वाक्य वाचायला काही तो थांबला नाही.

आता पंच्याहत्तरी उलटल्यावर मी त्या छप्पन्न वर्षांच्या बाईकडे बघते तेव्हा मला हसू येतं, आणि जरा वेळाने येत नाही. चष्मा नाकाच्या टोकावर, छत्री काखेत, आणि आपल्याला न कळणारं जगात फारसं काही उरलेलं नाही असा चेहरा. तिला समोर बसवून चार शब्द सुनवावेत असं फार वाटतं. पण ती ऐकणार नाही. मी तिला चांगली ओळखते.

त्या चेहऱ्यामागे नोकरी होती. मी रत्नागिरीत टपाल कचेरीत सॉर्टर होते. समोर भिंतभर लाकडी कप्पे, हातात पत्रांचा गठ्ठा, आणि एकेक पत्र बघितलं न बघितलं तोच आपल्या कप्प्यात. आमच्या कामाचा पहिला धडा असा, की पत्ता वाचायचा, मजकूर वाचायचा नाही. पोस्टकार्डावर सगळं उघडं असतं. कुणाला मुलगा झाला, कुणाची म्हैस मेली, सगळं डोळ्यांसमोरून जातं. पण जी सॉर्टर ते वाचत बसते तिचा गठ्ठा संपत नाही, आणि तिच्याबद्दल बाकीचे बरं बोलत नाहीत. मी कधी वाचलं नाही. त्याचा मला अभिमान होता. तो पुढे कसा अंगाशी आला तेच सांगायला बसले आहे.

दोन हजार साल उलटलं आणि पत्रं विरळ होत गेली. माझा गुडघाही कुरकुरायला लागला, म्हणून मी वेळेआधीच नोकरी सोडली. वर्ष-दीड वर्ष आमसुलं वाळवण्यात आणि शेजारणींना सल्ले देण्यात गेलं. मग एक दिवस पुण्याहून लेकीचा फोन आला. ती तेव्हा एम. ए. करत होती.

"आई, तू आयुष्यभर काय केलंस?"

"तुला वाढवलं."

"ते सोड. नोकरीत काय केलंस?"

"टपाल लावलं."

"मग आता माणसं लाव. मला प्रबंध लिहायचाय. घडलेल्या गोष्टींवर इंटरनेटवर बोलणारी माणसं किती प्रकारची असतात, हा विषय."

"रिकामटेकडी, एवढा एकच प्रकार असणार."

"आई, तू आधी बघ, मग बोल."

हेच वाक्य तिने मला किती वेळा ऐकवलं असेल, आणि मी किती वेळा त्याच्याकडे दुर्लक्ष केलं असेल, याचा हिशेब तिच्याकडेच असेल.

त्या वेळी मैत्री जमवायची एक साइट नवीनच निघाली होती आणि तिच्यावर आपल्या जिल्ह्यातल्या माणसांनी एक कट्टा मांडला होता. मंडणगडपासून राजापूरपर्यंतचे लोक, मुंबईला गेलेले, आखातात गेलेले, सगळे तिथे यायचे. मराठी सगळं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, त्यामुळे मी ते ओठ हलवत वाचायची. स्वतःचा फोटो कुणी लावत नसे. कुणाचा गणपती, कुणाची क्रिकेटची बॅट, कुणाचं जहाज, कुणाचा गुलाब. घरी आमच्याकडे संगणक नव्हता. एसटी स्टँडच्या मागे एका माडीवर सायबर कॅफे होता, तिथे रोज दहाच्या सुमारास मी जाऊन बसायची. कॅफेचा मालक पहिल्या दिवशी म्हणाला, "काकू, कुणाला मेल करायचंय का? मी करून देतो."

"मेल नाही. माणसं बघायचीयत."

त्याने खुर्ची जरा भिंतीकडे सरकवून दिली, पडदा दुसऱ्यांना दिसू नये म्हणून. काय समजला असेल तो, देव जाणे.

लेकीने आखीव कार्डांचा गठ्ठा पाठवला होता. एका माणसाला एक कार्ड. वर त्याचा प्रकार लिहायचा आणि खाली त्याने लिहिलेले दहा मजकूर नमुन्यादाखल उतरवायचे, पूर्णच्या पूर्ण. प्रकारांची नावं तिने माझ्यावर सोडली होती. मग काय, मी आमचे जुने कप्पेच भिंतीवरून काढले आणि कट्ट्यावर आणून ठोकले.

पहिला कप्पा तारवाल्यांचा. घाटात गाडी बंद पडली की ती ढकलायच्या आत हे हजर. ‘ट्रक आडवा. रस्ता बंद.’ बस, एवढंच. एक गृहस्थ तर भावाच्या लग्नातून, पंगतीतून उठून लिहायला आले होते, का तर मांडवासमोरची विजेची तार तुटली होती आणि मागून येणाऱ्या वऱ्हाडाला कळायला हवं होतं. बॅटवाला त्यातलाच. सुरुवातीला मी यांना उतावळे म्हणायची. पण जेवण टाकून उठणं मला कधी जमलेलं नाही, हे मान्य केलं पाहिजे.

मग पुनर्प्रेषित. म्हणजे दुसऱ्याच्या पत्रावर नवा पत्ता घालून पुढे ढकलणारे. मेव्हण्याच्या मित्राने सांगितलं, ते यांनी सांगितलं. यांच्यावर माझा राग होता. पण केळशीच्या एका बाईंची औषधांची पिशवी एसटीत राहिली, तेव्हा ती तीन अनोळखी हातांतून संध्याकाळच्या आत त्यांच्या दारात पोचली ती याच लोकांमुळे.

गणपतीचं चित्र लावणारे एक जण रजिस्टर टपालातले. पोचपावतीशिवाय यांचं चालत नसे. कुणी काही लिहिलं की यांचा एकच शब्द, ‘पुरावा?’ मंडणगडकडे भर वस्तीत बिबट्या आल्याची बातमी कट्ट्यावर दिवसभर डरकाळ्या फोडत होती. यांनी विचारलं, ‘पुरावा?’ संध्याकाळी कुणीतरी फोटो टाकला. पिवळट रंगाचं चांगलं गलेलठ्ठ कुत्रं होतं. सगळा कट्टा दोन दिवस गप्प.

बुकपोस्टवाले म्हणजे लांबलचक लिहिणारे. रस्त्याला खड्डा पडला तर आधी तो रस्ता कुणाच्या आजोबांनी आखला इथपासून सुरुवात. आणि नॉटपेड म्हणजे बिनतिकिटाचं पत्र, ज्याचा भुर्दंड घेणाऱ्याला पडतो. भांडखोर मंडळी. जयगडच्या बंदरावरून यांनी महिनोन्महिने एकमेकांची सालटी काढली. पण मला त्यांचंही कौतुक वाटायचं. आपलं गाव पुढे कसं असावं यावरून माणसं जेवणखाण विसरून भांडतात, हे मी तोवर फक्त निवडणुकीत बघितलं होतं, आणि तिथे जेवण मिळतं.

माझा लाडका कप्पा मात्र परदेशी टपालाचा. आखातातली माणसं. ती बातमी देत नसत, विचारत. आणि मोठं काही विचारत नसत. आमच्या पाखाडीवरचा, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवरचा, दिवा लागतो का. कलमांना मोहोर कसा आहे. धक्क्यावर एक काळं कुत्रं असायचं, ते आहे का अजून. त्यांच्यात कुवेतचा एक जण होता, जहाजाचं चित्र लावणारा. तो रात्रपाळी करून सकाळी झोपण्याआधी कट्ट्यावर यायचा. त्याची वाडी जयगडच्या खाडीला आत, सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळपठाराच्या, उताराखाली. त्या वाडीचं टपाल मी बावीस वर्षं लावलेलं. तिथल्या प्रत्येक घराचा पत्ता मला पाठ होता. त्या वाडीत मी पाऊल मात्र कधी टाकलेलं नव्हतं. हा फरक तेव्हा मला मोठा वाटला नाही.

हळूहळू कट्टा मला ‘पोस्टकाकू’ म्हणायला लागला. वाद झाला की लिहायचे, ‘काकूंना विचारा.’ मी सांगायची. विचारलं नाही तरी सांगायची.

आणि एक होता गुलाब.

लाल गुलाब, पाकळीवर पाण्याचा थेंब. हा गुलाब रोज काहीतरी लिहायचा आणि त्याचा कशाशी काही संबंध नसायचा. बंदरावरून नॉटपेड मंडळी हातघाईवर आलेली असायची, आणि मध्येच हा लिहायचा, ‘आज तिथे दोन ट्रक आणि एक मोजणीवाला होता. छत्री काळी.’ दुसऱ्या दिवशी, ‘भरती दुसऱ्या पायरीपर्यंत.’ मग, ‘ओढ्यावरच्या साकवाची एक फळी निघाली आहे, डावीकडून तिसरी.’ मी मनात म्हटलं, कॉलेज बुडवून क्लासच्या संगणकावर बसलेला पोरगा आहे हा. गुलाबाचं चित्र आणि असलं लिहिणं, दुसरं कोण असणार. टपालात काही पत्रं अशी येतात की पत्ता धड नसतो. ती आम्ही बाजूच्या खोक्यात टाकायचो, वेळ मिळाला तर शेवटी बघायला. मी कार्डावर लिहिलं, ‘फुटकळ’. खाली नमुने उतरवलेच नाहीत. वेळ कुणाला होता?

त्या वर्षी श्रावणाच्या तोंडावर पाच दिवस पाऊस हटला नाही. खाडीकाठचे विजेचे आणि टेलिफोनचे खांब पडले. सोमवारी सकाळी जहाजवाल्याने लिहिलं, ‘घरी फोन लागत नाही. अम्मा एकटी आहे. आमचं घर वाडीत शेवटचं, उताराला लागून. कुणी तिकडचं आहे का?’

अख्खा कट्टा धावला. तारवाल्यांनी रस्ते सांगितले, पुनर्प्रेषितांनी ऐकीव सांगितलं, बुकपोस्टवाल्यांनी जुन्या पावसाचा इतिहास काढला. आणि गुलाबाने लिहिलं:

‘मी तिकडची. वाडीच्या वर सड्यावर भेग पडली आहे. काल नव्हती. आज माझी बोटं आत जातात. उताराकडची बाकी दोन घरं पलीकडच्या शाळेत गेली. यांच्या अम्मा, म्हणजे आमच्या खाला, निघत नाहीत. म्हणतात, मुलाने घर बांधून माझ्या हवाली केलंय, त्याने सांगितल्याशिवाय सोडणार नाही. त्यांना सांगायचं ते लिहा. बाजारपेठेतल्या क्लासमध्ये लाइन चालू आहे, तिथून छापून नेते आणि वाचून दाखवते.’

आज हे पुन्हा वाचताना त्यात काही संदिग्ध दिसतं का, मी शोधते. काही दिसत नाही. त्या दिवशी मात्र मी बघितलं ते फक्त गुलाबाचं चित्र. म्हटलं, हा पोरगा आता बाई होऊन एका गरीब माणसाचा जीव टांगणीला लावतोय. बिचारा तिकडे रात्रभर राबून आलेला. मला खरोखर त्याची दया आली, हेही सांगते. नुसता आगाऊपणा असता तर बरं झालं असतं. मी लिहिलं:

‘या गुलाबाच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका. याला काहीबाही लिहायची सवय आहे. ती वाडी मला बावीस वर्षं माहीत आहे. कातळ असा फुटत नसतो. उगाच घाबरू नका.’

पाच मिनिटांत जहाजवाल्याचं उत्तर आलं. ‘काकू, बरं वाटलं. अम्माला सांगा, घरातच थांब. उद्या बघतो.’ आणि तो झोपायला गेला.

त्यावर गुलाबाने काहीच लिहिलं नाही. भांडण नाही, खुलासा नाही. मी छत्री उघडली आणि घरी जाऊन व्यवस्थित जेवले.

मंगळवारी सकाळी निघायच्या आधीच लेकीचा फोन आला. मी आठवड्यापूर्वी पाठवलेली कार्डं तिला मिळाली होती.

"आई, या गुलाबाचं कार्ड कोरं का?"

"त्यात उतरवण्यासारखं काही नाही ग. फुटकळ आहे."

"किती वाचलंस त्याचं?"

"वाचायला कशाला लागतं? बघितलं की कळतं."

मग ती म्हणाली, "आई, हे टपाल नाहीये. इथे मजकूरच वाचायचा असतो. पत्ता कुणाला हवाय?"

मी रागाने फोन ठेवला. रागानेच कॅफेत गेले आणि रागानेच गुलाबाचं सगळं लिखाण पहिल्यापासून काढलं, तिला दाखवून द्यायला. चार-पाच महिन्यांचं होतं. वाचायला लागले. अर्ध्या तासाने माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही.

‘साकवाची तिसरी फळी निघाली आहे.’ त्यानंतर चार दिवसांनी बॅटवाल्याची तार, ‘साकव मोडला.’ सगळ्यांनी बॅटवाल्याची पाठ थोपटली होती, मीसुद्धा. ‘दोन ट्रक, एक मोजणीवाला’ यावर नॉटपेडवाल्यांनी शंभर मजकूर भांडून काढले होते, पण तिथे प्रत्यक्ष उभं राहून बघितलेलं एवढं एकच वाक्य होतं. बिबट्याच्या दिवशी सगळा कट्टा डरकाळ्या फोडत असताना गुलाबाने लिहिलं होतं, ‘मी पाहिलेला नाही.’ कुणीतरी विचारलेलं धक्क्यावरचं काळं कुत्रं. त्याला कुणीच उत्तर दिलं नव्हतं असं मला वाटत होतं. दिलं होतं. ‘आहे. डावा कान फाटला आहे. हाक मारली तर येतं.’ आणि जिथे जिथे काही दुसऱ्याकडून कळलेलं असेल, तिथे शेवटी न चुकता, ‘ऐकलं, पाहिलं नाही.’ चार महिन्यांत एक शब्द बघितल्यावाचून लिहिलेला नाही. शे-दोनशे माणसांत असं दुसरं कुणी नव्हतं. माझं तर सोडाच.

सगळ्यात खाली त्याच सकाळचा मजकूर होता. ‘सातला भेगेत हात मनगटापर्यंत. नऊला कोपरापर्यंत. भेगेच्या दोन बाजूंच्या झाडांना दोरी बांधली होती ती ताणली आहे. खाला घरात आहेत. मी साडेअकरापर्यंत क्लासमध्ये थांबते.’

मी घड्याळ बघितलं. अकरा वाजायला पाच मिनिटं होती. जहाजवाला पाळी संपवून आला असेल, किंवा यायचा असेल, किंवा येऊन, ‘काकूंनी सांगितलंय’ म्हणून झोपूनही गेला असेल. माझी बोटं कळफलकावर नेहमीच हळू, त्या दिवशी तर अक्षरं सापडेनात. कॅफेचा मालक मागून म्हणाला, "काकू, मी लिहू का? तुम्ही सांगा."

"नको. हे माझं मलाच लिहायला हवं."

मी लिहिलं, ‘माझं कालचं उत्तर साफ चुकीचं आहे. ती वाडी मी कधी बघितलेली नाही, फक्त पत्ते वाचलेत. कातळातलं मला काही कळत नाही. या गुलाबाने चार महिन्यांत न बघितलेलं काही लिहिलेलं नाही, मी आत्ता सगळं वाचलं. तुमच्या आईला आजच बाहेर काढा.’

मग मी बसून राहिले. गणपतीवाल्यांनी लिहिलं, ‘पुरावा?’ आयुष्यात पहिल्यांदा मला त्या शब्दाचा संताप आला. पण पुढच्याच मिनिटाला त्यांनीच स्वतःच्या शब्दाखाली लिहिलं, ‘मीही तिचं जुनं वाचलं. पुरेसा आहे.’ बॅटवाल्याने आपली तार सोडली. भांडखोरांपैकी दोघांनी, जे एकमेकांचं तोंड बघत नसत, एकाखाली एक लिहिलं, ‘भाऊ, अम्माला काढा.’ सगळे कप्पे त्या पानावर एकत्र झाले होते, आणि कुणाचा कुठला ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी जहाजवाला आला. ‘वाचलं. अम्माला सांगा, मी सांगतो, निघ. घर माझं आहे, मी मोकळं करतो तुला. कुलूप लावू नको, तसंच राहू दे.’

गुलाबाचे तीन शब्द आले. ‘पाहिलं. छापलं. निघते.’

त्यानंतर चोवीस तास काही नाही. मी त्या दिवशी काय जेवले, जेवले का, मला आठवत नाही. बुधवारी दुपारी बाराला गुलाब आला.

‘काल चारला खाला शाळेत आल्या. सोबत सहा कोंबड्या. आज सकाळी नऊला दरड आली. घराची मागची बाजू आणि स्वयंपाकघर गेलं. ओटी उभी आहे. आत कुणी नव्हतं. हे सगळं पाहिलेलं आहे.’

लेकीच्या प्रबंधात पुढे ते प्रकार आले. तिने माझे टपालाचे कप्पे तसेच ठेवले, आणि ‘फुटकळ’ खोडून तिथे लिहिलं, ‘पाहून सांगणारे’. त्या प्रकारात एकच कार्ड होतं. परीक्षकांनी विचारलं म्हणे, की एका माणसाचा प्रकार कसा होतो? ती म्हणाली, "सर, बाकीचे सगळे याच्या भरवशावर बोलत होते." असं बोलायला ती कुठे शिकली, ठाऊक नाही. माझ्याकडे नक्कीच नाही.

गणपती झाल्यावर रस्ता सुरू झाला तशी मी एसटीने तिकडे गेले. माफी कट्ट्यावर मागून झाली होती, पण समोर जाऊन मागायची राहिली होती. बाजारपेठेत संगणकाच्या क्लासचा बोर्ड सापडला. आत डोक्यावर ओढणी घेतलेली, तिशीतली एक बाई पोरींना टंकलेखन शिकवत होती. मी माझं नाव न सांगता म्हटलं, "मी पोस्टकाकू."

ती उठून उभी राहिली. "काकू, तुम्ही? मला वाटलं होतं तुम्ही उंच असाल."

"आणि मला वाटलं होतं तुम्ही मुलगा असाल."

ती हसली. गुलाबाचं कसं, विचारलं, तर म्हणाली संगणकात तयार चित्रं होती, त्यातलं पहिलं घेतलं. मग मी मनातलं विचारलं, ते पायऱ्यांचं, छत्रीचं, कुत्र्याचं का लिहायचीस?

"माझे मिस्टर बोटीवर असतात," ती म्हणाली. "मोठ्या बातम्या त्यांना कुठेही मिळतात हो. भरती आपल्या दारात कुठल्या पायरीला लागली, ते कोण छापतं? बाहेर गेलेल्या माणसाला तेच पाहिजे असतं. म्हणून रोज जाताना-येताना बघायचं आणि लिहायचं. ऐकीव लिहिलं तर त्यांना कळतं. विचारतात, तू बघितलंस का?"

तीस वर्षांत माझ्या हातून गेलेल्या पत्रांत अशी किती असतील, आणि ती सगळी मी न वाचता नीट योग्य कप्प्यात टाकली, याची मला पहिल्यांदाच चुटपूट लागली.

मग ती मला वाडीत घेऊन गेली. नव्या साकवावरून, हात धरून. खाला ओटीवर बसल्या होत्या. ओटीच्या मागे पत्रे ठोकलेले, त्यामागे लाल मातीचा ढीग, आणि त्यावर कोंबड्या उकरत होत्या. खालांनी मला उकडलेली अंडी दिली, चहा दिला, आणि माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"तुमीच ना त्या पोस्टातल्या? माझ्या पोराला तुमी सांगितलंत, आईला काढ म्हणून. पोरगा फोनवर म्हणाला मला. तुमच्यामुळे मी हाय बघा."

म्हटलं, आता सांगायलाच हवं. "खाला, एक गोष्ट आहे. आदल्या दिवशी मी—"

"काकू, चहा गार होतोय," गुलाब म्हणाली.

मी चहा प्यायले. निघताना खालांनी पिशवीत अंडी घातली, वाटेत फुटतील म्हणून भात्याणात, भाताच्या पेंढ्यात, गुंडाळून. मी ती घेतली. माझी लायकी नव्हती, पण नको म्हणायला तोंडही नव्हतं.

एसटीच्या थांब्यापर्यंत गुलाब सोबत आली. गाडीला अवकाश होता. मी म्हटलं, "मला सांगू का नाही दिलंस? त्यांना कळायला हवं. सोमवारी त्यांच्या मुलाने ‘थांब’ लिहिलं ते माझ्यामुळे. तू ते वाचून दाखवलंस तेव्हा त्या काय म्हणाल्या?"

तिने रस्त्यावर गाडी दिसते का ते बघितलं, मग माझ्याकडे न बघता म्हणाली:

"वाचून दाखवलंच नाही हो, काकू. कागद क्लासमध्येच फाडला. त्यांना म्हटलं, आज नेट बंद होतं, मुलाचं काही आलं नाही. एकदा ‘थांब’ ऐकलं असतं तर मंगळवारी तो स्वतः येऊन उभा राहिला असता तरी त्या हलल्या नसत्या. नेट काही बंद नव्हतं, त्याचं उत्तर मी स्वतः वाचलं होतं. तेवढं कट्ट्यावर लिहू नका."